रेन गार्डन पूर अडवतं का? मॉडेललाच विचारू

आजचा भाग आकड्यांचा आहे, त्यामुळे ऐकण्यापेक्षा वाचायलाच सोपा जाईल.

पावसाळा आला की ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो: काँक्रीट फोडा, रेन गार्डन करा, पाणी तुंबायचं थांबेल. थांबेल का, हे तपासायला इंजिनिअर मॉडेल वापरतात. त्यातलं जुनं आणि जगभर चालणारं म्हणजे एसडब्ल्यूएमएम, बोलताना ‘स्विम’. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, १९७१ पासूनचं, आणि चक्क फुकट.

ते करतं काय? शहराचे छोटे तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्यात काँक्रीट किती, उतार किती, माती कोणती, हे आपण भरायचं. मग पाऊस पाडायचा आणि मिनिटामिनिटाला गटारात किती पाणी पोचलं ते बघायचं.

आपण हातानेच करून बघू. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. समजा २,००० चौरस मीटरची सोसायटी, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. तासात ५० मिमी पडला, म्हणजे १ लाख लिटर. त्यातलं ९० हजार तरी गेटबाहेर जाणार. आता २०० चौरस मीटर जागा २० सेंमी खोल केली आणि सगळा उतार तिकडे वळवला, तर ४० हजार लिटर तिथेच थांबतं. भारी ना?

थांबा. पाऊस एकसारखा पडला तर हा खड्डा साधारण २७व्या मिनिटाला भरतो. खरी जोराची सर ४०व्या मिनिटाला आली तर? गटाराला ती जशीच्या तशी मिळणार. एकूण पाणी कमी झालं, पण रस्ता तुंबवणारा तो जोर तसाच राहिला. मॉडेलची खरी गंमत इथे आहे: सरासरी काढताना हे दिसतच नाही.

दुसरी गोम मातीची. वाळूत तासाला १०० मिमीहून जास्त पाणी जिरू शकतं, घट्ट चिकणमातीत १ मिमीसुद्धा मुश्किलीने. शिवाय आपल्याकडे जुलैअखेर माती आधीच टम्म भिजलेली असते. मॉडेलमध्ये कुणी कोरडी माती भरली, तर निकाल छान हिरवागार येणारच! मुंबईसाठी भरतीही भरावी लागते, कारण समुद्र वर आला की गटारांची तोंडंच बंद होतात.

फिलाडेल्फियाने २०११ मध्ये २५ वर्षांचा असाच हिरवा कार्यक्रम सुरू केला. तिथलं माप आहे एक इंच, म्हणजे साधारण २५ मिमी पाऊस जागेवर सांभाळायचा. उद्देश मुख्यतः सांडपाणी मिसळलेलं पाणी नदीत जाऊ नये हा. आता २६ जुलै २००५ आठवा: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. आपल्या त्या सोसायटीवर जवळपास १९ लाख लिटर. खड्ड्यात मावणार ४० हजार, दोन टक्के.

म्हणून माझं मत: रेन गार्डन जरूर करा, दरवर्षीच्या साध्या सरींसाठी त्याचा उपयोग आहे. पण ते दाखवून कुणी नाला अरुंद करायला किंवा पूररेषेत इमारत उठवायला निघालं, तर मॉडेलची फाइल मागा. तीन गोष्टी बघा: पाऊस कोणत्या दिवसाचा घेतला, माती ओली धरली की कोरडी, आणि पाच वर्षांनी गाळ साचल्यावर पाणी किती जिरेल असं मानलंय.

स्वतः चालवून बघायचं असेल तर लॅपटॉप लागेल, फोनवर जमणार नाही. सुरुवात आपल्या सोसायटीच्या गच्चीपासून करा, तिचं क्षेत्रफळ सेक्रेटरींकडे मिळेल.