बालकांची दृष्टी आणि मांजरांच्या मेंदूवरील संशोधन

“मूल अजून लहान आहे, थोडे मोठे झाल्यावर डोळ्याची शस्त्रक्रिया केली तर चालणार नाही का?” नेत्रविभागात येणारे पालक हा प्रश्न वारंवार विचारतात. तान्ह्या बाळाला भूल देण्याची भीती आणि घरातील वडीलधाऱ्यांचा संकोच या दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. तथापि जन्मजात मोतीबिंदू, तिरळेपणा किंवा दोन्ही डोळ्यांच्या नंबरांतील मोठी तफावत यांबाबत थांबणे का परवडत नाही, याचे शास्त्रीय उत्तर मांजरांच्या मेंदूवरील प्रयोगांतून मिळाले आहे. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

पाहण्याचे काम मेंदूचे

डोळा केवळ प्रकाश ग्रहण करतो. त्याचा अर्थ लावण्याचे कार्य डोक्याच्या मागील भागातील दृष्टिकेंद्र करते. १९५८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. डेव्हिड ह्यूबेल आणि डॉ. टॉर्स्टन वीसेल यांनी या केंद्राचा अभ्यास आरंभिला. त्यांनी निवडलेल्या मांजर या प्राण्याचे दोन्ही डोळे माणसाप्रमाणे समोर असतात. भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूत केसाहून बारीक सुई बसवून ते एकेका पेशीचे विद्युत्-संकेत टिपत. पडद्यावर ठिपके दाखवूनही एक पेशी प्रतिसाद देईना. मात्र ठिपक्याची काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट रेषा पडद्यावर हलली आणि पेशी एकाएकी कार्यरत झाली. दृष्टिकेंद्रातील पेशी विशिष्ट दिशेच्या रेषांना प्रतिसाद देतात आणि त्यांपैकी बहुसंख्य पेशी दोन्ही डोळ्यांकडून संकेत घेतात, असे पुढे सिद्ध झाले.

बंद डोळ्याचा धडा

मोतीबिंदू काढल्यावर डोळा स्वच्छ होऊनही काही मुलांना नीट दिसत नाही, हे वैद्यांना ठाऊक होते. कारण उमगत नव्हते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या दोघांनी मांजराच्या पिलाच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून तो दोन-तीन महिने बंद ठेवला. नंतर तो उघडला असता डोळा जवळजवळ निरोगी होता, परंतु मेंदूच्या जवळपास सर्व पेशी दुसऱ्याच डोळ्याशी जोडल्या गेल्या होत्या. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवूनही असा परिणाम झाला नाही. पिलांमध्ये हा नाजूक काळ चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ओसरतो, असे १९७० साली दिसून आले. लाकूड ओले असतानाच वाकवता येते, हे लकडगंजच्या रहिवाशांना वेगळे सांगावयास नको. या कार्याबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक लाभले.

आपल्या मुलांसाठी अर्थ

माणसात हा काळ महिन्यांऐवजी वर्षांचा असतो. साधारणतः सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू सहज वळण घेतो; पहिले काही महिने सर्वांत नाजूक. म्हणूनच एका डोळ्यातील दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या सहा आठवड्यांच्या सुमारास काढावा, असे तज्ज्ञ सांगतात. ‘आळशी डोळ्या’साठी योग्य चष्मा देऊन चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात, जेणेकरून मेंदूला दुर्बल डोळा वापरणे भाग पडते. उशीर झालेल्या पालकांनीही निराश होऊ नये. दिल्लीतील ‘प्रकाश’ प्रकल्पात आठ वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या अनेक मुलांनी उपयुक्त दृष्टी मिळवली. मात्र ती सहसा पूर्ण झाली नाही.

मुक्या जीवांचे ऋण

या ज्ञानासाठी मुक्या जीवांना यातना झाल्या, हे अहिंसेला मानणाऱ्या वाचकांपासून लपविण्याचे कारण नाही. आपल्या देशातील १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा अशा प्रयोगांवर बंधने घालतो. भूल देणे आणि लहान प्राण्यांवर भागत असेल तेथे मोठे प्राणी टाळणे, ही त्यांतील प्रमुख तत्त्वे होत. जे ज्ञान इतकी किंमत देऊन मिळाले, ते प्रत्येक बालकापर्यंत वेळेत पोहोचावे, ही आपली किमान जबाबदारी आहे.

पालकांनी काय पाहावे?

बाळाच्या बुबुळात पांढरी झाक दिसणे, छायाचित्रात एकच डोळा पांढरा चमकणे, चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा राहणे किंवा एक डोळा झाकताच मुलाने रडणे, यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे. पांढरी झाक क्वचित डोळ्याच्या कर्करोगाचीही खूण असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची अशी तपासणी होते. तिचाही लाभ घ्यावा.

बालनेत्रोपचारास दिलेले साहाय्य म्हणूनच वेळेवर पोहोचावे लागते. प्रौढाचा मोतीबिंदू सहसा काही महिने थांबू शकतो. तान्ह्या बाळाचा नाही.