काचपात्रांतील माशांचीं किरकोळ दुखणीं

गेल्या पौषांतली गोष्ट. आमच्या नगरच्या, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगरच्या, वाड्यांत दिवाणखान्यांतील काचपेटींत सहा सोनमासे सुखानें नांदत होते. एके सकाळीं धाकट्या पुतणीनें विचारलें, "काका, माशांना कोणीं रवा लावला?" पाहतों तों दोघांच्या अंगावर व परांवर मिठाच्या कणांएवढे शुभ्र ठिपके! कोंकणांतल्या मंडळींस मासा कळतो. आम्हां देशावरच्यांस तो दशावताराच्या चित्रांतूनच परिचित. त्यामुळें घरांत जो तो वैद्य झाला. आत्याबाईंच्या मतें दोष पाण्याचा. त्यांनीं पेटी रिकामी करविली, खडे व स्पंज उन्हांत वाळविले, नळाचें ताजें पाणी भरविलें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळपर्यंत तीन मासे गेले. "घरावरची पीडा गेली," असें शेजारच्या काकूंनीं समाधान केलें. पीडा घरावरची नव्हती, माशांवरची होती, आणि ती आम्हींच आणलेली होती.

झालें तें असें. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. खड्यांवर व स्पंजांत राहणारे सूक्ष्म जंतु या विषाचें प्रथम नायट्राइट व मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. ही वसाहत बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. आम्हीं ती एका दुपारींत वाळवून टाकली. शिवाय जो क्लोरीन आपणांस पटकीपासून वाचवितो, तोच माशाचे कल्ले भाजून काढतो. मुळा धरणांतून शुद्ध होऊन येणारें नगरचें पाणी पिण्यास चांगलें. पण माशांकरितां तें पसरट भांड्यांत एक दिवस उघडें ठेवावें, किंवा छायाचित्रकारांच्या अंधारखोलींतला तो जुना 'हायपो' दुकानांत जलशोधक म्हणून मिळतो, तो सांगितल्या मापानें घालावा. पाणी आठवड्यास चौथा हिस्साच बदलावें, आणि स्पंज पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत पिळावा. मासे वर येऊन धापा टाकूं लागले कीं औषधाच्या बाटलीकडे धांवूं नये. खाणें बंद करून थोडें पाणी बदलावें. वीज गेली असेल तर तांब्यानें पाणी उंचावरून ओतीत राहावें, तेवढ्यानेंही हवा मिसळते.

आतां ठिपक्यांकडे वळूं. 'इक्थिऑफ्थिरियस' असें भारदस्त नांव मिरविणारा हा एकपेशीय जीव. फूके नामक फ्रेंच संशोधकानें १८७६ सालीं त्याचें वर्णन केलें. तो माशाच्या त्वचेखालीं राहून पोसतो, पुष्ट झाला कीं गळून तळाशीं बसतो, आणि तेथें त्याचे शेंकडों तुकडे होऊन नवीं पिलें माशाच्या शोधांत पोहत सुटतात. औषध लागूं पडतें तें या पोहणाऱ्या पिलांवर. त्वचेखालच्यांवर नाहीं, तळच्या कवचांतल्यांवरही नाहीं. म्हणूनच ठिपके दिसेनासे झाले कीं उपचार थांबविणारा फसतो. पौषांत नगरला रात्रीं कडाका आणि दुपारीं ऊन. अशा चढउतारानें मासा दुबळा होतो आणि हा पाहुणा फावतो.

उरलेल्या तिघांचा उपाय साधा होता. तापकानें पाणी दोन दिवसांत हळूहळू २८ अंशांवर नेलें, म्हणजे त्या जीवाचें चक्र लवकर फिरतें. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मुरतो, म्हणून हवेचा पंप अखंड चालू ठेवला. जाडें खडेमीठ लिटरास दोन ग्रॅम या मानानें निराळें विरघळवून दोन दिवसांत थोडथोडें घातलें, आणि पाणी बदलतांना काढलेल्या पाण्याच्या प्रमाणांतच मीठ पुन्हां घातलें. हा क्रम चवदा दिवस चालला. पाणवनस्पतींस व बिनखवल्यांच्या मिशाळ माशांस मीठ सोसत नाहीं, हें ध्यानांत असावें. तिन्ही मासे वांचले.

परांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर तो बहुधा घाण पाण्याचाच परिणाम. पाणी सुधारलें कीं नवा पर फुटतो. खवलीं उभीं राहून अंग फुगलें, तर मात्र आशा थोडी.

चैत्रांत पुन्हां गडबड उडाली. एकाच्या कल्ल्यांच्या झांकणांवर बारीक पांढरे दाणे! आत्याबाई बादली घेऊन निघाल्याच होत्या. पण हे दाणे फक्त झांकणांवर व पुढल्या परांच्या कडेवर, तेही ओळीनें; आणि मासा पूर्ण तरतरीत. सोनमाशांतील नराच्या अंगीं विणीच्या दिवसांत ते येतात व आपोआप जातात. त्यास औषध देणें म्हणजे मिसरूड फुटलेल्या मुलास वैद्याकडे नेणें होय.

त्यानंतरचें दुखणें पुतणीनेंच ओळखलें. एक मासा पोट वर करून तरंगत होता. तरंगत्या दाण्यांबरोबर हवा गिळल्यानें किंवा मलावरोधानें सोनमाशांस असें होतें. त्यास दोन दिवस उपाशी ठेवून तिसऱ्या दिवशीं उकडून सोललेला मटार, नखाएवढा, भरवावा लागला. मधल्या दिवशीं आत्याबाई नेहमीप्रमाणें दाणे टाकावयास आल्या, तेव्हां तिनें त्यांचा हात धरला. म्हणाली, "आजी, त्याची एकादशी आहे."