हरलेल्या संघातला पोरगा पुढे कसा जातो?

समजा, एकवीस महाविद्यालयांचे कबड्डी संघ आलेत आणि चषक एकच आहे. विजेता ठरायला किती सामने लागतील? कागद-पेन घेऊ नका, तोंडीच सांगा.

वीस.

फेऱ्या मोजायच्या नाहीत, तक्ते मांडायचे नाहीत. बाद पद्धतीत प्रत्येक सामना बरोबर एका संघाला घरी पाठवतो. शेवटी एकच उरायचा, म्हणजे वीस जणांना घरी जायला हवं, म्हणून वीस सामने. संघ शंभर असते तर नव्व्याण्णव!

आता हेच साखळी पद्धतीने करून बघा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर सामने होतात २१०. मुलांच्या कबड्डीचे दोन डाव वीस-वीस मिनिटांचे, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. नाणेफेक आणि पंचांशी हुज्जत धरून तासभर पकडा. दोन मैदानं आणि दिवसाचे आठ तास असले तरी चौदावा दिवस उजाडेल. बाद पद्धतीत तेच काम दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी उरकतं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर किंवा दौंडच्या महाविद्यालयाला, ज्याला बाहेरगावच्या पोरांची राहायची-जेवायची सोय बघायची असते, यातली कुठली पद्धत परवडेल हे वेगळं सांगायला नको.

पण थांबा. एकवीसचे अर्धे किती? साडेदहा. अर्धा संघ कुठून आणायचा? म्हणून भाग्यपत्रिका, म्हणजे सामन्यांचा तक्ता, मांडणारे सर आधी दोनाच्या घातातला पुढचा आकडा शोधतात: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. बत्तिसातून एकवीस गेले की उरले अकरा. तेवढ्या संघांना पहिल्या फेरीत 'पुढे चाल', म्हणजे न खेळताच दुसऱ्या फेरीत. उरलेले दहा संघ पाच सामने खेळतात, पाच जिंकतात. अकरा आणि पाच सोळा. इथून पुढे आठ, चार, दोन, एक. कुठेही साडेदहा म्हणून येत नाही!

आणि ही पुढे चाल कुणालाही वाटून टाकायची नसते. यादीचे दोन भाग करायचे, वरच्यात अकरा, खालच्यात दहा. पहिली पुढे चाल खालच्या भागातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या भागातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या भागातल्या पहिल्याला, चौथी वरच्या भागातल्या शेवटच्याला. असा वर-खाली हिंदोळा देत गेलं की वरच्या भागात पाच पडतात आणि खालच्यात सहा. मग वरचे सहा संघ तीन सामने खेळतात, खालचे चार संघ दोन. आता बेरीज करा: वर तीन आणि पाच आठ, खाली दोन आणि सहा आठ. दोन्ही पारडी काट्यावर! शारीरिक शिक्षणाच्या पदवीला हे पाठ करून घेतात आणि परीक्षेनंतर पोरं ते विसरतात. मला मात्र हा हिशेब दर वेळी नव्याने आवडतो.

इतकी सुबक पद्धत, तिच्यात खोट कुठे असेल? खोट शोधली कुणी, तर 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणाऱ्या लुईस कॅरॉलने. हा माणूस खरा चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. १८८३ साली त्याने टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका काढली आणि विचारलं, अंतिम सामन्यात हरतो तो खरंच दुसरा उत्तम असतो का? बत्तीस खेळाडू धरा. सगळ्यांत चांगला तो जिंकणारच. पण दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू चिठ्ठीत त्याच्याच अर्ध्या भागात आला, तर अंतिम फेरीआधीच त्याच्याशी गाठ पडून बाहेर! पहिल्याची जागा सोडली तर उरतात एकतीस जागा आणि त्यातल्या फक्त सोळा समोरच्या भागात. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला उपविजेता होण्याची संधी एकतिसात सोळा. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी, इतकंच.

विजेता बहुधा खरा निघतो. बाकीच्यांचा न्याय चिठ्ठीच्या हातात. पहिल्याच फेरीत बारामतीच्या तुळजाराम चतुरचंदसारख्या मोठ्या महाविद्यालयाशी गाठ पडून लहान गावचा चांगला संघ अकरा वाजता हरला, तर त्या पोरांचं काय? वर्षभराचा घाम पंचेचाळीस मिनिटांत वाया?

तर नाही. इथेच आपल्याकडची गंमत सुरू होते.

आधी तुलनेसाठी अमेरिका बघा. तिथे लहान महाविद्यालयांचे गट असतात. गटातल्या गटात बास्केटबॉलची स्पर्धा होते आणि जिंकणारा संघ आपल्याच नावाने, आपल्याच जर्सीत देशपातळीवर जातो. मागोमाग अख्खं गाव गाड्या काढून निघतं. बास्केटबॉल शोधला जेम्स नायस्मिथने, १८९१ साली. त्याच्या हयातीतच, १९३७ मध्ये, कॅन्सस सिटीत लहान महाविद्यालयांची देशस्तरीय स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी आठ संघ, दुसऱ्या वर्षी थेट बत्तीस. ती अजूनही भरते. पण तिथे नियम सरळ आहे: संघ हरला की त्यातले सगळेच घरी.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मांडणी वेगळी आहे. विद्यापीठ १९४९ सालचं. आज पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. खेळासाठी त्यांचे विभाग चार: पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक. शिरूरचं चांदमल ताराचंद बोरा, दौंडचं के. जी. कटारिया, केडगावचं सुभाष बाबूराव कुल, पाबळचं पद्ममणी जैन, राजगुरुनगरचं हुतात्मा राजगुरू, ही सगळी पुणे जिल्हा विभागातली. विभागात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, कुणीतरी जिंकतं, चषक उंचावतो, फोटो निघतो. आणि मग तो जिंकलेला संघ तिथेच सुटतो! पुढच्या आंतरविभागीय स्पर्धेत कुठलंच महाविद्यालय नसतं. तिथे खेळतो पुणे जिल्ह्याचा संघ, सगळ्या महाविद्यालयांतून निवडलेला. त्यात विजेत्या संघातले असतात, उपविजेत्यांतले असतात आणि पहिल्या फेरीत हरलेल्यांतला एखादाही असतो.

दौंडकरांना हे चटकन कळेल. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन वर्षानुवर्षं दौंडला सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला लागायचं. मगाशी शेवटचा असलेला डबा आता इंजिनाला लागून पहिला. कबड्डीतही काल अकरा वाजता तळाला गेलेला पोरगा आज नव्या संघाच्या पुढच्या फळीत असतो. आणि काल ज्याची ढोपरं धरून मातीत लोळवलं, त्याच्याच हातात हात घालून आज साखळी करायची!

हे सगळं पुन्हा वरच्या पायरीवर घडतं. आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडतात आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे कॅरॉलच्या तक्रारीवर थोडाफार तोडगाही आहे. आधी बाद फेऱ्या, शेवटचे चार उरले की त्यांच्यात साखळी. चार संघांच्या साखळीला फक्त सहा सामने लागतात, एवढे कुणालाही परवडतात, आणि निदान त्या चौघांत दुसरा कोण हे चिठ्ठी न ठरवता खेळच ठरवतो. देशाचे विभाग चार, प्रत्येकातून चार विद्यापीठं, म्हणून अखिल भारतीय स्पर्धेला सोळा. पुन्हा दोनाच्या घातातला आकडा! कबड्डी या आंतरविद्यापीठ खेळांत आली १९६१ साली. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली होती.

आता मैदानाच्या कडेला बसू, कारण निवडीचं खरं नाट्य तिथे चालतं. मुलांच्या मैदानाची लांबी तेरा मीटर, रुंदी दहा. मुलींचं मैदान बारा बाय आठ आणि डाव पंधरा मिनिटांचे. समजा, गुणफलक ३१-१४ आहे. सामना गेल्यात जमा आहे. मागे पडलेल्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यात, म्हणून ही तिसरी 'करो या मरो'ची: गुण आणा, नाहीतर बाद व्हा. घड्याळात तीस सेकंद. हे घड्याळही नंतर आलं बरं का. आधी वेळ मोजायचा तो चढाईपटूचा स्वतःचा दम. छातीत भरलेली हवा संपली की चढाई संपली. घड्याळ माणसाच्या फुप्फुसात ठेवणारा दुसरा खेळ तुम्ही पाहिलाय?

पोरगा मध्यरेषा ओलांडतो. समोर सहा जण आहेत, म्हणजे बोनस गुणाची वाट उघडी. समोर पाचच असते तर ही वाट बंद असती. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. त्याचा डावा पाय बोनस रेषेपलीकडे जातो, उजवा हवेत. याच क्षणी डाव्या कोपऱ्याने, म्हणजे त्या टोकाला उभ्या असलेल्या बचावपटूने, घोट्यावर झेप टाकायची असते. कोपरा झेपावतो, पोरगा हवेतला पाय तसाच मागे फेकतो, टाच कोपऱ्याच्या खांद्याला घासते. बोनस एक, गडी एक. ३१-१६. सामन्याचा निकाल तसूभरही बदलला नाही. पण कडेला वही घेऊन बसलेल्या निवड समितीतल्या कुणीतरी त्या पोराचा क्रमांक लिहून घेतलेला असू शकतो.

म्हणून इथले प्रेक्षक पाहण्यासारखे असतात. एकतर्फी सामना अमेरिकेत लोक सोडून जातात. इथे उठत नाहीत. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. न्हावऱ्याकडून पारगावचा पूल ओलांडला की केडगाव-चौफुला. उसाच्या पट्ट्यातली ही गावं जत्रेत रात्रभर दिव्यांखाली कबड्डी बघत आलेली. माजी खेळाडू, भावकी, वर्गातली पोरं, एखादा बाप मोटरसायकलवरून थेट शेतातून आलेला. त्या बापाचं गणित साधं आहे: सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पायऱ्यांवरची पदकं लागतात, आणि पहिली पायरी ही इथली. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणला प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार झाला, तेव्हापासून ही पायरी जरा जास्तच जवळची वाटू लागलीय.

आणि या लोकांना काय दिसतं? चढाईपटूचे गुण फलकावर चढतात, पकड केलेल्याचेही चढतात. पण ज्या कोपऱ्याच्या धाकाने चढाईपटू त्या बाजूला फिरकलाच नाही, त्याच्या नावावर काय चढतं? शून्य! खेळातलं निम्मं काम न घडलेल्या गोष्टींत असतं आणि ते लिहायला गुणपत्रकात रकानाच नाही. कडेचे जाणते लोक मात्र नेमकं तेच बघत असतात. "अरे, डाव्या कोपऱ्याकडे एक तरी चढाई गेली का?" हे वाक्य कानावर आलं तर त्या माणसाशेजारी जागा धरा.

शेवटी यादी लागते. बारा नावं: सात खेळणारे, पाच राखीव. एकवीस संघांचे बारा-बारा धरले तर अडीचशे पोरांतून बारा. यादीपाशी गर्दी होते आणि चषकाच्या वेळी झाला नव्हता एवढा कालवा आता होतो. विजेत्यांचे पाच कसे घेतले, हरलेल्यांचा तो चढाईपटू घेतला हे बरं झालं, पण उजवा मध्यरक्षक कुणाच्या सांगण्यावरून आला? "चढाईला चार घेतलेत आणि कोपरा एकच? नाशिकवाले काय सोडतील का?" सर यादी खिशात घालून चहाला निघतात, तर माणसं त्यांच्या मागोमाग टपरीपर्यंत येतात, आणि तिथे काचेच्या ग्लासांची मांडणी करून त्यांना नवा संघ लावून दाखवतात.