युद्ध चालू असताना विद्यार्थी युक्रेनला परत का गेले?

भडगाव : रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी हल्ला केला आणि युक्रेनची विमानसेवा बंद पडली. ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे २२,५०० भारतीय परतले, त्यात बहुतेक वैद्यकीयचे विद्यार्थी. मात्र युद्ध थांबलेले नसताना त्यातले काही जण त्याच वर्षी पुन्हा तिकडे गेले. लोक याला वेडेपणा म्हणतात. नियम पाहिले तर तसे म्हणता येणार नाही.

जुन्या नियमानुसार परदेशातला संपूर्ण अभ्यासक्रम, तर १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना किमान ५४ महिने, एकाच संस्थेत पूर्ण करावे लागतात. भारतातल्या कॉलेजात बदली मिळाली नाही. ऑनलाइन डॉक्टरकी आयोगाला मान्य नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या देशात शिकण्याची सवलत मिळाली, पण त्यासाठी पुन्हा पैसा हवा. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या बापाने तो कुठून आणायचा?

तिथला दिवस सायरनवर चालतो. फोन वाजला की वही मिटायची आणि तळघरात उतरायचे. रात्री संचारबंदी. ऑक्टोबर २०२२ पासून वीज केंद्रांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून तासन्‌तास अंधार. लाइट असेल तेवढ्यात मोबाइल चार्ज करायचा, पाणी भरायचे, स्वयंपाक उरकायचा. लोडशेडिंग आपल्याला नवे नाही. पण इथे अंधार झाला म्हणून कोणी छताकडे बघत नाही. पश्चिमेकडचे लव्हीव शहर आघाडीपासून दूर आहे, तरी सायरन तिथेही वाजतो.

साधी कामेही जिवावर बेततात. कर्नाटकच्या हावेरी जिल्ह्यातला नवीन शेखरप्पा १ मार्च २०२२ रोजी खारकीवमध्ये खाण्याचे सामान आणायला रांगेत उभा असताना मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाने तिथल्या भारतीयांना, वाहन नसेल तर पायी, संध्याकाळी सहापर्यंत शहराबाहेरच्या पिसोचिनसारख्या गावांत पोहोचायला सांगितले.

आपल्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असली तरी ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी, तीही जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांसाठी आहे. परदेशी एमबीबीएसला ती मिळेल असे सांगणारा एजंट भेटला, तर शासन निर्णय दाखवायला सांगा. युद्ध किंवा साथ आली तर उरलेले शिक्षण कुठे होणार, हेही त्याच्याकडून पैसे भरण्याआधी लेखी घ्या.