भाषेचे खाते चालते राहावे म्हणून

मराठी भाषक अधिकाऱ्याची बदली दिल्लीकडे झाली, की 'हिंदी तर आपल्याला येतेच' असे म्हणून तो निर्धास्तपणे गाडीत बसतो. मीही तसाच बसलो होतो. नोएडातील शाखेत रुजू झालो त्याच आठवड्यात एक वयस्कर ग्राहक पासबुक पुढे करीत म्हणाले, "मुझे इस पर आपत्ति है।" मराठीत आपत्ती म्हणजे संकट. मी लगबगीने त्यांना खुर्ची दिली आणि घरच्यांची विचारपूस करू लागलो. ते गृहस्थ प्रथम चकित झाले आणि मग चिडले. त्यांना फक्त खात्यातून वजा झालेल्या शुल्काबद्दल आक्षेप नोंदवायचा होता. शुल्काचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. मात्र 'हा मनुष्य माझे ऐकूनच घेत नाही' हा त्यांचा ग्रह दूर होण्यास कित्येक महिने लागले.

त्यानंतर मी 'लीला' या संगणकीय शिक्षकाकडे वळलो. 'लर्न इंडियन लँग्वेजेस थ्रू आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या नावाच्या आद्याक्षरांतून हा शब्द तयार झाला आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या दिल्लीस्थित राजभाषा विभागासाठी हे सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केले. प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ असे त्याचे चढत्या क्रमाचे पाठ्यक्रम आहेत. इंग्रजीखेरीज मराठीसह 14 भारतीय भाषांच्या माध्यमातून त्यात हिंदी शिकता येते. 14 सप्टेंबर 2017 रोजी, हिंदी दिनाच्या समारंभात, तत्कालीन राष्ट्रपती श्री. रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याच्या मोबाईल ॲपचे उद्घाटन झाले.

इतक्या माध्यमांतून एकच भाषा शिकवायची, म्हणजे नेमके काय करायचे? हा प्रश्न मी शेजारी राहणाऱ्या एका स्नेह्यांना विचारला. ते अशाच भाषाशिक्षणाच्या सॉफ्टवेअर कंपनीत उत्पादन-चमूचे प्रमुख होते. त्यांचे उत्तर ऐकल्यावर त्यांचे काम आणि आपले काम यांत फारसे अंतर नाही, असे मला वाटले.

अशा चमूत भाषातज्ज्ञ, पाठलेखक, ध्वनिमुद्रण करणारे, संगणक अभियंते, चित्रकार आणि तपासनीस असतात. भाषातज्ज्ञाला एकही नियम सुटू नये असे वाटते. अभियंत्याला सर्व भाषांना चालेल असा एकच साचा हवा असतो. विक्री विभागाला सणापूर्वी काहीतरी नवे हवे असते. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी योग्यच. परंतु दिवस आणि पैसा दोन्ही मोजके. म्हणून कोणाची बाजू घ्यावी हे ठरविण्यासाठी प्रमुखाने आधी शिकणाऱ्याला ऐकावे लागते.

लिंगाचेच उदाहरण पाहू. मराठीत बँक 'उघडी' असते. हिंदीत बैंक 'खुला' असतो. मराठी माणसाला व्याकरणातले लिंग शिकवावे लागत नाही, फक्त कोणत्या शब्दाचे लिंग बदलते तेवढे दाखवावे लागते. बंगाली भाषेत असे व्याकरणिक लिंगच नाही. तेथे मुळापासून सुरुवात करावी लागते. मराठी माणसाचा खरा घात करतात ते ओळखीचे शब्द. 'संशोधन' म्हणजे आपल्याकडे नवा शोध, तर हिंदी परिपत्रकात दुरुस्ती. 'शिक्षा' आपल्याला धाक दाखविते. हिंदीत ती चक्क शिक्षण असते, आणि शाखेतील 'शिक्षा ऋण' हा फलक वाचून नवागत मराठी अधिकारी गालात हसतो. एकच पाठ केवळ अनुवादित करून दोघांच्या हाती दिला, तर एकाला तो कंटाळवाणा वाटेल आणि दुसऱ्याला अवघड. दोघेही काही न बोलता तो बंद करतील.

हे काही न बोलता निघून जाणेच सर्वांत घातक, असे माझे स्नेही सांगत. ॲप किती जणांनी उतरवून घेतले हा आकडा बैठकीत शोभून दिसतो. पण पंधराव्या दिवशी त्यांपैकी किती जण परतले, हे विचारावयास धैर्य लागते. बँकेच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. खाती उघडण्याचे उद्दिष्ट पूर्ण झाले म्हणून आपण पेढे वाटतो. त्याच खात्यात ग्राहकाने दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. खाते निष्क्रिय झाले, तर दोष ग्राहकाच्या आळसाला देणे सोपे असते. तो परत का आला नाही, हे त्याच्याकडे जाऊन विचारणे कठीण, आणि व्यवस्थापकाचे काम नेमके तेच आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर रोज वीस मिनिटांचा नेम मी पाच महिने पाळला. पाठ ऐकावा, आपला उच्चार मूळ उच्चाराशी ताडून पाहावा, चुकल्यास पुन्हा म्हणावे. एके दिवशी तेच वयस्कर ग्राहक आले आणि मुदत ठेवीच्या अर्जावर बोट ठेवून हसत म्हणाले, "इस पर कोई आपत्ति नहीं है।" त्या दिवशी माझ्या भाषेच्या खात्यात पहिली मोठी रक्कम जमा झाली, असे मी मानतो.

आपली मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परप्रांती जात असतील, तर त्यांना प्रवासाच्या सामानाबरोबर तेथील भाषेचे एक खातेही उघडून द्यावे. त्यास किमान शिल्लक लागत नाही; फक्त व्यवहार रोज व्हावा.