खवळलेल्या पन्नासातली लांब काठी

गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ. दक्षिण गोलार्धातल्या वाऱ्यांची अक्षांशांवरून पडलेली ही नावं शाळेत आपण गुणांपुरती पाठ केली आणि विसरलो. रिओ ग्रांदे ही नदी नेमकी त्या पन्नासाच्या पट्ट्यात वाहते. दक्षिण अमेरिकेच्या शेपटाशी तिएरा देल फ्वेगो नावाचं बेट आहे, निम्म्याहून जास्त चिलीचं, उरलेलं अर्जेंटिनाचं. चिलीत उगम पावून, अर्जेंटिना ओलांडून ती अटलांटिकला मिळते. तिच्या खालच्या खोऱ्यात आडोशाला झाड नाही. गवताळ माळ, मेंढ्या, आणि पश्चिमेकडून दिवसभर न थांबणारा वारा. 1935 साली जॉन गुडॉल याने इथल्या पाण्यात ब्राऊन ट्राउट आणून सोडले. त्यांच्या वंशजांनी समुद्राची वाट शोधली, तिथे खाऊन-पिऊन ते माजले आणि अंडी घालायला परत नदीत येऊ लागले. आज दहा-बारा पौंडांचा मासा इथे नवलाचा नाही. त्यासाठी जगभरातून लोक फ्लाय रॉड घेऊन येतात. पहिल्या संध्याकाळी त्यांच्यात वाद होतो तो माशांवरून नव्हे, कोणता रॉड आणायला हवा होता यावरून.

आपल्याकडे खाडीवर गरवायला बसणारा माणूस दोरीला शिसं बांधतो. शिसं भिरकावलं की ते दोरीला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये शिसं नाही. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि धागा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला स्वतःचं असं वजनच नसतं. म्हणून वजन दोरीत भरलेलं असतं. ही लाइन जाड, टोकाकडे निमुळती, वर प्लास्टिकचा लेप चढवलेली असते आणि आसुडासारखी हवेत उलगडत जाते. फ्लाय तिच्या मागून फुकट प्रवास करते. वारा अडवतो तो या लाइनला. दुकानात गेलेला माणूस मात्र काठी वाकवून बघतो, मूठ चाचपतो, किंमत विचारतो, आणि लाइन शेवटी गल्ल्याजवळच्या फळीवरून उचलतो. वाऱ्याच्या नदीवर जायचं असेल तर हा क्रम उलटा हवा.

लाइनचे नंबर 1961 साली अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने ठरवले. त्याआधी रेशमी लाइन जाडीवरून, इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जात. नव्या पद्धतीत पहिल्या 30 फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. पाच नंबर म्हणजे 140 ग्रेन, आठ नंबर म्हणजे 210. ओढ्यावरच्या पाच नंबरात जेमतेम नऊ ग्रॅम असतात, आठात साडेतेराच्या वर. जाडी दुप्पट केली तर वाऱ्याला सामोरा जाणारा पृष्ठभाग दुप्पट होतो, पण वजन चौपट होतं. म्हणून जड लाइन वाऱ्यात तग धरते. लेपात टंगस्टनची पूड मिसळलेली बुडणारी लाइन तर त्याच वजनाला आणखी बारीक असते, आणि तरंगणाऱ्या लाइनपेक्षा वारा पुष्कळ सहज कापते.

कडक रॉडबद्दल माझं मत कडक आहे. ‘वारा आहे? मग फास्ट ॲक्शन घ्या,’ हा सल्ला सर्रास मिळतो. फास्ट म्हणजे फक्त शेंड्याकडे वाकणारा. निष्णात हातात तो लाइनला वेग देतो, हवेतला वळसा अरुंद ठेवतो, आणि अरुंद वळसा वाऱ्यात घुसतो, हे सगळं खरं. पण असा रॉड नीट वाकायला पुरेशी लाइन बाहेर असावी लागते, आणि वादळी दिवशी बहुतेक फेकी आखूडच होतात. काठी वाकतच नाही, मग माणूस खांद्याने जोर लावतो, वळसा रुंद होतो, आणि लाइन त्याच्याच टोपीवर येऊन पडते. मधोमध वाकणारा रॉड आणि त्यावर एका नंबराने जड लाइन ही जोडी अशा वेळी जास्त मासे देते. जाहिरातीत ती दिसत नाही, कारण तिच्यात नवं विकण्यासारखं काही नाही.

खरा तोडगा मात्र फार जुना आहे आणि तो स्कॉटलंडहून आला. स्पे नदी हायलँड्समधून निघून मोरे फर्थला मिळते. वेगवान, रुंद, काठाला उंच दरडी आणि झाडी. लाइन मागे उडवायला जागाच नाही. तिथल्या सामन मासे धरणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात दोन्ही हातांनी धरायच्या लांबलचक काठ्या वापरून वेगळी फेक घडवली, तीच स्पे फेक. लाइन मागे पूर्ण उलगडायचीच नाही. ती पाण्यावरून उचलायची, शेजारी क्षणभर पाण्याला टेकवायची, मागे पोटासारखा वळसा पडू द्यायचा आणि तिथूनच पुढे सोडायची. टेकलेल्या टोकाला पाणी धरून ठेवतं, त्या ओढीने काठी वाकते. जागेच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती, पण लाइन मागे हवेत लांबवर तरंगत नसल्याने वाऱ्याला तिला पकडायला फारसा वेळ मिळत नाही.

त्या काठ्या ग्रीनहार्टच्या असत. गयानातलं हे लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. ध्रुवप्रवासी नान्सेनच्या ‘फ्राम’ जहाजाला बर्फापासून वाचवायला त्याच लाकडाचं कवच चढवलं होतं. सोळा-अठरा फुटांची अशी काठी दिवसभर फिरवायची म्हणजे मनगटांचा कस. इन्व्हर्नेसचा अलेक्झांडर ग्रँट व्हायोलिन बनवायचा आणि मासे धरायचा. कंप लाकडातून कसा सरकतो हे त्याला दोन्हीकडून ठाऊक. त्याने काठीचे तुकडे धातूच्या नळीने जोडायचं नाकारलं. तिरपे कापलेले तुकडे एकमेकांवर ठेवून तो पट्टीने बांधायचा, म्हणजे काठीचा कंप सांध्यापाशी अडत नसे. ‘ग्रँट व्हायब्रेशन’ हे त्या रॉडचं नाव. 1890च्या दशकात त्याने सुमारे 65 यार्ड फेक केली. आजचे खेळाडूही त्या आकड्याला मान देतात.

पुढे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या षटकोनात चिकटवून रॉड होऊ लागले. चिनी टोंकिन बांबू रूढ होण्याआधी या पट्ट्या ‘कलकत्ता केन’च्या असत, म्हणजे हिंदुस्थानातून गेलेल्या, अंगावर जाळल्याचे डाग असलेल्या बांबूच्या. हा बांबू आपल्या विदर्भातल्या मानवेलाच्या जातीचा मानतात. फायबर ग्लास आला, टिकला, आणि 1973 साली अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने कार्बनचा रॉड बाजारात आणल्यावर मागे पडला. आज चौदा फुटांचा कार्बन रॉड पाव किलोच्या आसपास भरतो. लांब काठी म्हाताऱ्यांनाही पेलू लागली, आणि ती स्पेवरून अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या स्टीलहेड ट्राउटच्या नद्यांवर, तिथून रिओ ग्रांदेवर पोचली.

एक फसगत इथे नवख्याची हमखास होते. दोनहाती रॉडवरचा ‘8’ आणि एकहाती रॉडवरचा ‘8’ यांचा संबंध नावापुरता. एकहाती आठ 210 ग्रेनला खूश असतो. दोनहाती आठला पाचशेच्या वर लागतात. म्हणून जाणकार नंबर विचारत नाहीत, ग्रेन विचारतात.

मग वाऱ्याची दिशा. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या उजव्या बाजूने वारा आला की गळ सरळ कानाकडे येतो, आणि साठ किलोमीटर वेगाच्या झोतात ही चेष्टा राहत नाही. स्पे फेकीत नियम एकच: लाइन पाण्याला टेकेल ती वारा जिकडे चाललाय त्या बाजूला, अंगापासून दूर. त्यासाठी या फेकीचे दोन प्रकार: वारा प्रवाहाच्या उलट वर चाललाय तर सिंगल स्पे, प्रवाहाबरोबर खाली चाललाय तर डबल स्पे. रॉड कितीही महाग असो, डाव्या खांद्यावरूनही टाकता येत नसेल तर रिओ ग्रांदेवर अर्धे दिवस काठावर बसून काढावे लागतात.

मग घ्यावं काय? काठी जितकी लांब तितकी लाइन उंचावरून जाते, आणि जमिनीपासून वर वारा वाढतो. शिवाय काठी स्वतःही वारा खाते. त्यामुळे पंधरा-सोळा फुटी रॉड स्पेच्या रुंद पात्रावर शोभतो, इथे नाही. तेरा फुटांच्या आसपासचा, सात किंवा आठ नंबरचा, मध्यापर्यंत वाकणारा दोनहाती रॉड. त्यावर आखूड, जड हेडची लाइन, जिचं सगळं वजन पुढच्या काही मीटरमध्ये आहे आणि मागे फक्त बारीक दोरी. आणि टोकाला बुडणारी टिप. जोडीला साडेनऊ फुटांचा एकहाती आठ नंबर, वारा पडलेल्या संध्याकाळसाठी. दोनहाती फेकीतल्या पिळामुळे सांधे हळूहळू सैल होतात आणि फेकीच्या मध्येच शेंडा निसटून पाण्यात जातो, म्हणून सांध्यांवर इलेक्ट्रिशियनची टेप गुंडाळायची. या सामानात सर्वांत स्वस्त तीच, आणि घरी विसरली जाते तीही तीच.

एवढं करूनही वारा ऐकत नसेल तर लांब फेकीचा हट्ट सोडावा. मोठे मासे पुष्कळदा दरडीखालच्या खोल पाण्यात, काठाला लागून पडलेले असतात. नदीला वळणं भरपूर आहेत. वारा पाठीवर येईल अशा वळणापर्यंत चालत जायचं आणि आधी जवळचं पाणी धुंडाळायचं, तेही गुडघाभर पाण्यात शिरण्याआधी.