घाटातली शिट्टी आणि वाडीतला इशारा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला जरा जास्त वेळ थांबते. प्रवाशांचे लक्ष वडापावाकडे असते, त्यामुळे गाडीच्या शेपटीला काय चालले आहे हे फारसे कोणी पाहत नाही. तेथे जास्तीची इंजिने जोडली जात असतात. त्यांना बँकर म्हणतात. पळसदरी सोडले की बोरघाटाचा चढ लागतो, आणि जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी ठाणी मागे टाकत गाडी खंडाळ्याला पोचते. पुढचे इंजिन ओढते, मागची इंजिने ढकलतात.

यातल्या ठाकुरवाडी या नावाची एक गंमत आहे. कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी एक नाही, कितीतरी आहेत. डोंगराच्या कुशीत जेथे जेथे ठाकर समाजाची वस्ती, तेथे तेथे ठाकुरवाडी. पाहुण्याला पत्ता सांगताना शेजारच्या मोठ्या गावाचे नाव जोडले नाही, तर तो भलताच डोंगर चढून बसेल. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक वाडी, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरी, आणि शब्द मात्र दोघांचाही एकच! मनातली गोष्ट दुसऱ्याच्या मनात जशीच्या तशी पोचवणे याला आपण संवाद म्हणतो. तो कोठे अडतो आणि कसा सोडवता येतो, हे या घाटात आणि त्याच्या आसपासच्या वाड्यांत फार चांगले पाहायला मिळते.

प्रथम गाडीकडे वळू. घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. हिशेबाला सोपी म्हणून गाडी १००० टनांची धरा. तिला मागे खेचणारे बल १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टन वजनाइतके होईल. हा सारा भार एकट्या पुढच्या इंजिनाने घेतला तर तो पहिल्याच कपलिंगवर येईल. मागून ढकलले की भार वाटला जातो. पण त्यासाठी पुढचा आणि मागचा चालक यांनी एकाच वेळी जोर लावायला हवा. दोघांमध्ये अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडी, वळणे आणि बोगद्यांमागून बोगदे. एकमेकांचे तोंड दिसण्याचा प्रश्नच नाही.

रेल्वेच्या नियमपुस्तकातला यावरचा तोडगा अगदी साधा आहे. पुढचा चालक एक लहान शिट्टी देतो. अर्थ : ‘मी निघायला तयार आहे.’ मागचा चालकही एक लहान शिट्टी देतो. अर्थ : ‘ऐकले.’ ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे जायला दीड सेकंद आणि यायला दीड सेकंद. या तीन सेकंदांत काम होते. आता चालकांजवळ वॉकीटॉकीही असतो, पण शिट्ट्यांची संकेतावली पुस्तकातून गेलेली नाही. तीन लहान शिट्ट्या म्हणजे ‘गार्डने ब्रेक लावावा’, चार लहान म्हणजे ‘गाडी पुढे जाऊ शकत नाही’. शब्द मोजके, प्रत्येकाचा अर्थ आधीच ठरलेला, आणि महत्त्वाचे म्हणजे उत्तर आल्याशिवाय निरोप पोचला असे धरायचे नाही.

हाच नियम फाटकापाशीही दिसतो. फाटक बंद केल्यावर फाटकवाला स्टेशनमास्तरला फोन करतो. पण नुसते ‘बंद केले’ पुरत नाही. त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातला पुढचा आकडाही तो सांगतो. त्याला खाजगी क्रमांक म्हणतात. हे आकडे ओळीने येत नाहीत, त्यामुळे अंदाजाने कोणालाच सांगता येत नाहीत. आकडा आला म्हणजे निरोप योग्य माणसाकडून आणि आत्ताच आला, याची खात्री होते.

घाट उतरण्याची बाजू तर याहून मनोरंजक आहे. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर तिला अडवण्यासाठी बाजूला चढणीचे रूळ घातलेले असतात, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. काटा मुळात त्या बाजूलाच लावलेला असतो. गाडी आपल्या ताब्यात आहे हे चालकाने दाखवून दिले, तरच मुख्य रूळ मिळतो. म्हणजे काही कळले नाही तर सारे ठीक आहे असे न धरता धोका आहे असे धरायचे. माणसांच्या व्यवहारात आपण नेमके उलट करतो. शिक्षक विचारतात, ‘समजले का?’ वर्ग एका सुरात म्हणतो, ‘होऽऽ!’ आणि फळा पुसला जातो. हा होकार म्हणजे फाटकवाल्याने आकडा न सांगता दिलेला निरोप. ‘मी काय सांगितले ते तुझ्या शब्दांत सांग,’ असे म्हटल्यावर जे उत्तर येते, तो खरा खाजगी क्रमांक!

संवादाला गणिताच्या चौकटीत बसवण्याचे काम अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये केले. निरोप देणारा, निरोपाचे संकेतांत रूपांतर करणारा प्रेषक, तो वाहून नेणारा मार्ग, त्याचा पुन्हा निरोप करणारा ग्राहक आणि शेवटी ज्याच्यासाठी निरोप आहे तो, अशी ही साखळी. मार्गात कोठेतरी गोंगाट शिरतो आणि निरोप बिघडतो. गोंगाटावर उपाय म्हणजे पुनरुक्ती. ‘उदय शळल सटट’ हे वाचून पाहा. काना, मात्रा, वेलांटी सारे काढून टाकले, तरी उद्या शाळेला सुट्टी असल्याचा आनंद तुम्हाला झालाच असेल. भाषेत गरजेपेक्षा जास्त खुणा असतात, त्यातल्या काही गळाल्या तरी चालते. टेलिफोन क्रमांकात मात्र अशी सोय नाही. एक आकडा चुकला की फोन परक्या घरी. म्हणून आकडे नेहमी दोनदा सांगावेत. जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्येचे आवाज जात. स, श, फ यांची ओळख पटवणारा बराचसा भाग याच्या वर असल्याने ते एकमेकांत मिसळत. ‘समईतला स’ असे ओरडून सांगण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

डोंगरातल्या माणसाला हे पुस्तकावाचून माहीत असते. समोरच्या उतारावरच्या सोबत्याला हाळी देताना तो लांबलचक वाक्य बोलत नाही. नावाचा शेवटचा स्वर लांबवतो : ‘गणप्याऽऽऽ!’ बोलण्यातली ऊर्जा मुख्यतः स्वरांत असते, व्यंजने दुबळी असतात आणि वाटेतच विरतात. एक मीटरवर ९० डेसिबेल असलेली हाळी अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबेलने उतरते. ५१२ मीटरवर, म्हणजे नऊदा दुप्पट झाल्यावर, ३६ डेसिबेल उरते. शांत रानात तेवढे पुरते. पण पत्र्यावर मुसळधार पाऊस कोसळत असेल तर घरातला गोंगाट सहज ७० डेसिबेलच्या आसपास जातो. मग तीच हाळी आठ मीटरवर ७२ डेसिबेल उरलेली असते, आणि तेथेच तिचा आणि पावसाचा झगडा सुरू होतो. आषाढातल्या रात्री शेजारच्या घरची हाक का ऐकू येत नाही, त्याचा हा हिशेब.

शॅनन यांनी त्याच लेखात स्पष्ट म्हटले होते की निरोपाचा अर्थ काय, याच्याशी अभियंत्याला कर्तव्य नाही. माणसांची अडचण बहुतेक वेळा तेथूनच पुढे सुरू होते. निरोप शब्दशः पोचतो, अर्थ पोचत नाही. आमच्या विषयातलेच उदाहरण घ्या. पदार्थविज्ञानात सांगतात की डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस त्या ओझ्यावर गुरुत्वाच्या विरुद्ध काहीच कार्य करत नाही. वाडीवरून सरपणाची मोळी घेऊन बाजारापर्यंत गेलेल्या मुलीला हे वाक्य ऐकून काय वाटेल? ती मनात म्हणणार, हे गुरुजी कधी मोळी घेऊन चाललेले दिसत नाहीत. चूक तिची नाही. ‘कार्य’ हा शब्द आपण तिच्या भाषेतून उचलला, त्याचा अर्थ बदलला आणि तिला सांगायचे विसरलो. त्यात तिच्या घरची ठाकरी बोली पुस्तकी मराठीहून निराळी. आपले बोलणे ऐकून वर्ग हसेल या भीतीने असे मूल गप्प बसते, आणि आपण समजतो की त्याला काही येत नाही. हा अडथळा ध्वनीचा नाही, शब्दाचाही नाही, मानाचा आहे. माझ्या मते सर्व अडथळ्यांत तो सर्वांत चिवट.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकरांचीच वाडी. मोटारीचा रस्ता नाही, पायथ्यापासून तासाभराहून अधिक चढण. मदतीला निघालेली माणसे पावसात, अंधारात पायी वर गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते.

त्या दिवसांत जिल्ह्याला जोरदार पावसाचे इशारे दिलेले होते. तरीही विचार करा, इशाऱ्यात नेमके काय असते? हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. व्याख्या शास्त्रशुद्ध आहे, पण वाडीवर मिलिमीटर कोण जाणतो? त्याचे असे भाषांतर करता येईल. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. २०४.५ मिलिमीटर म्हणजे अंगणातल्या प्रत्येक चौरस मीटरवर १५ लिटरचे तेरा-चौदा हंडे. एक गुंठा जमिनीवर सुमारे २०,७०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर रिकामे करून वर थोडे. आणि हे एका गुंठ्यावर. घराच्या मागे डोंगराचा उतार किती गुंठ्यांचा आहे ते आपण मोजावे. हा आकडा आजीबाईलाही समजेल.

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. शहरातला माणूस लाल इशारा ऐकून घरात बसतो, ते बरोबरच आहे. उताराखाली राहणाऱ्याची योग्य कृती घरातून बाहेर पडून सुरक्षित जागी जाणे ही असू शकते. एकाच रंगाचे दोन उलटे अर्थ! तेव्हा इशाऱ्यात काय होणार याबरोबर कोणाला, आणि त्याने काय करायचे, हेही हवे.

२०२३ मध्ये देशभर अनेकांचे मोबाइल एकाएकी मोठ्याने वाजले होते, ते आठवत असेल. ती सेल ब्रॉडकास्ट पद्धतीची चाचणी होती. यात मनोरा आपल्या टापूतल्या सर्व फोनना एकदमच निरोप देतो, एकेक क्रमांक लावत बसत नाही, त्यामुळे गर्दीने मार्ग तुंबत नाही. युक्ती उत्तम आहे. परंतु डोंगराआड जेथे मनोऱ्याची लहर पोचतच नाही, तेथे तिचा उपयोग शून्य, आणि ‘ऐकले’ म्हणणारी उलटी शिट्टीही यात नाही.

उलट दिशेने जाण्यासारखे वाडीकडे पुष्कळ असते. जमिनीला नवी भेग पडली, सरळ उभे झाड किंवा खांब कलला, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ झाले किंवा आटले, या दरडीच्या पूर्वखुणा आहेत. त्या प्रथम दिसतात त्या रोज डोंगरात जाणाऱ्याला. ल. ना. चापेकर यांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर १९६० मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो त्यांच्यात जाऊन, त्यांचे ऐकून. सरकारी कागदाला ही सवय अजून पुरती लागलेली नाही. तलाठ्याला फोन करून ‘भेग पडली आहे’ असे सांगणाऱ्याला ‘बघू’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसऱ्यांदा तो फोन करणार नाही.

तुमच्या शाळेतून याची सुरुवात करता येईल. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा एक डबा घ्या. झाडापासून आणि छपरापासून दूर, मोकळ्या जागी पक्का बसवा. हवामान खाते सकाळी साडेआठला पावसाची नोंद घेते, तुम्हीही त्याच वेळी पट्टी बुडवून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. डब्याचे तोंड लहान की मोठे याने फरक पडत नाही. का ते विचार करून पाहा. आकडा वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. वाडीवरून येणाऱ्या मुलांनी तेथेही असाच डबा ठेवला तर दोन आकड्यांतला फरक पाहून तुम्ही चकित व्हाल, कारण डोंगरातला पाऊस खालच्या गावाएवढाच असतो असे मुळीच नाही. ६५च्या वर आकडा गेला तर तो त्याच दिवशी ग्रामपंचायतीत कळवा, आणि ज्यांना कळवला त्यांच्याकडून तो परत म्हणवून घ्या. मग वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना विचारा, असल्या पावसाला तुम्ही काय म्हणता, आणि तो पडू लागला की तुम्ही डोंगरात प्रथम काय पाहता. त्यांचा शब्द त्यांच्याच उच्चाराने आकड्याशेजारी लिहून ठेवा.